जीवन काकडचं बुकिंग

जीवन काकडने सकाळपासून आठव्यांदा फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, आतला ‘टूंऽऽ’ आवाज ऐकला आणि निमूटपणे खाली ठेवला.

“अहो, सारखा उचलून बघितला तर ज्याला लावायचाय त्याला एंगेज नाय का लागणार?” ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता छाया म्हणाली.

“चालू हे का बघत होतो.”

“फोन चालूच हे. लोकंच बंद हेत.”

जीवनचा नाशिकजवळ मखमलाबादला गुलाबाचा मळा होता. पण त्याचा जीव गुंतला होता गाण्यात. गाणी तो स्वतः लिहायचा, चाली स्वतः लावायचा. सिनेमातली नाहीत, देवाधर्माची नाहीत; मोटर जळाली त्याचं गाणं, सासुरवाडीच्या कुत्र्याचं गाणं, अशी आपली घरची गाणी. त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, त्याने धीर करून सातपूरला किराणा दुकानाच्या माडीवरच्या स्टुडिओत आठ गाणी रेकॉर्ड केली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खाली साखरेची पोती उतरायला लागली की वर गाणं थांबायचं. चार दिवसांत कॅसेट झाली. मागच्या बाजूला फोटो, आणि खाली ‘कार्यक्रमासाठी संपर्क’ म्हणून फोन नंबर. फुलबाजारात येणाऱ्या टेम्पोवाल्यांना त्याने स्वतःच्या हाताने कॅसेटी दिल्या. टेम्पो पिंपळगावला गेले, चांदवडला गेले, हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर गाणी वाजायला लागली. फक्त फोन वाजेना. अडीच महिन्यांत चार वेळा वाजला, त्यातले तीन राँग नंबर आणि एक छायाचा भाऊ.

“संक्रांतीपर्यंत बघतो,” जीवन म्हणाला. “एक जरी कार्यक्रम नाय आला, तर पेटी माळ्यावर आणि आपण मळ्यात.”

 छायाच्या हातातली जुडी दोनदा सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलबाजारात एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थाने जीवनचा दंडच धरला. हे पिंपळगाव बसवंतचे नाथाशेठ. त्यांच्या द्राक्षं भरायच्या नव्या पॅकहाउसचं उद्घाटन होतं आणि ते हार सांगायला आले होते.

“तुम्हीच ना ते जीवन काकड? फोटो हे कॅसेटवर. मग परवा अकरा वाजता वेळेवर या बरं का! नायतर तुमचे साहेब आम्हालाच झापायचे.”

“कोण साहेब?”

“तुमचे बुकिंगवाले! लय कडक माणूस. मी दुपारी फोन केला तर म्हणले, जेवणाची वेळ हे, खिडकी अडीचला उघडंल.” नाथाशेठनी आदराने मान हलवली. “एवढा मोठा कलाकार असून भाव नाय खात म्हणा तुम्ही. स्वतः फुलं विकता!”

जीवन जुड्या तिथेच टाकून घरी धावला. त्याने कॅसेट काढली आणि नंबरचा एकेक आकडा बोटाने वाचला.

“छाया, हा नऊ कुठून आला? इथं एक पाहिजे!”

छायाने वाकून बघितलं. “नंबर लिहून कुणी दिला होता छापखान्यात?”

“मीच.”

“मग झालं. तुमचा एक नऊसारखाच असतो. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पत्रात लिहिलं, ‘११ तारखेला येतो.’ आमचे दादा १९ तारखेला स्टँडवर उभे. तुम्ही आठ दिवस आधीच येऊन, कुलूप बघून परत गेलेले.”

त्या एका आकड्यापायी जीवनचे फोन गोदावरी ओलांडून थेट नाशिकरोडला जात होते. त्याने कॅसेटवरचा तोच नंबर फिरवला.

“हॅलो, चौकशी!” पलीकडून खणखणीत आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“आधी तुमचं सांगा. नाव, गाव, तारीख, माणसं किती.”

“मी... जीवन काकड.”

 पलीकडे रिसीव्हर बाजूला धरून कोणीतरी ओरडलं, “सकीना! अगं, गाडी सापडली!”

पत्ता विचारून घेऊन तासाभरात जीवन नाशिकरोडला एका बैठ्या घरासमोर उभा होता. फोनवरचे साहेब म्हणजे शौकत शेख, मनमाड जंक्शनच्या चौकशी खिडकीवर पस्तीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. टेबलावर फोन, फोनशेजारी लाल-निळी दोन पेनं आणि आखलेलं जाडजूड रजिस्टर. जीवन भांडायच्या तयारीनेच आत शिरला.

“चाचा, राँग नंबर हे म्हणून सांगायचं ना लोकांना!”

“सांगितलं. पहिल्या सहा जणांना सांगितलं.” शौकतचाचांनी चष्मा काढला. “सातवा म्हणाला, चाचा, पोराचं बारसं आहे, पोराच्या आईला हेच गाणं पाहिजे, आता मी कुठे जाऊ? जीवनराव, पस्तीस वर्षं मी खिडकीत बसलो. समोरचा माणूस ‘मी कुठे जाऊ’ म्हणाला की मला ‘मालूम नाही’ म्हणताच येत नाही.”

“मग मला शोधायचं तरी!”

“कॅसेटवर गावाचं नाव आहे का? नाही. लेट झालेली गाडी शोधायला कोण रुळावर चालत जातं? ती येते. तोपर्यंत मी सगळ्यांना वेटिंगवर घेतलं. लोकांनी त्याला कन्फर्म समजलं, तो माझा कसूर नाही.”

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. अकरा कार्यक्रम! गाव, तारीख, वेळ, मांडव आहे की नाही, लाइट जाते का, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. जीवनचा राग कुठच्या कुठे गेला. पण पहिल्याच ओळीवर त्याचा डोळा अडकला.

“‘पिंपळगाव. द्राक्षावरचं गाणं.’ माझ्याकडं द्राक्षावर गाणं नाय!”

“त्यांनी विचारलं, आहे का? मी म्हटलं, आहे.”

“पण नाय ना!”

“परवापर्यंत होईल. टाइम भरपूर आहे.”

जीवन खुर्चीत बसला. मग अगदी हळू म्हणाला, “चाचा, खरं सांगू? मी चार माणसांसमोर कधी गायलोच नाय. स्टुडिओतसुद्धा भिंतीकडं तोंड करून गायलो.”

चहा आणि खारी घेऊन आलेल्या सकीनाचाची हसायला लागल्या. “घाबरू नका भाऊ. पहिल्या दिवशी यांना माइकवर बोलायला लावलं, तर हे गाडीत बसून भुसावळला निघून गेले होते.”

“सकीना, ते सांगायची गरज नव्हती.”

तिसऱ्या दिवशी टेम्पोत पुढे जीवन आणि शौकतचाचा, मागे पेटी आणि तबलेवाला. आडगाव ते ओझर एवढ्या अंतरात द्राक्षाच्या गाण्याची दोन कडवी झाली. पॅकहाउसमध्ये क्रेटच्या रांगांमधून दीडशे बायामाणसं बसली होती. जीवनने पेटीवर सुरुवातीचा तुकडा वाजवला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा तोच तुकडा वाजवला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा नाथाशेठनी टोपी काढून घाम पुसला.

शौकतचाचा उठले. त्यांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि त्यांचा पस्तीस वर्षांचा आवाज पत्र्याखाली घुमला, “श्रोतेगण कृपया लक्ष द्या. मखमलाबादहून येणारे जीवन काकड काही तांत्रिक कारणामुळे पाच मिनिटं उशिरा धावत आहेत. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे.”

सगळं पॅकहाउस हसलं. जीवनही हसला, आणि हसता हसता त्याचा घसा मोकळा झाला. दुसऱ्या कडव्यात तो शब्द विसरला, तेव्हा द्राक्षं खुडणाऱ्या बायांनीच आपल्या मनाची एक ओळ जोडून दिली. ती त्याच्या ओळीपेक्षा चांगली होती. ते गाणं तीनदा म्हणावं लागलं.

फाल्गुनापर्यंत अकराही कार्यक्रम पार पडले. आता म्हाताऱ्या माणसाला किती त्रास द्यायचा, म्हणून जीवन आणि छायाने उरलेल्या कॅसेटींवर बरोबर नंबरच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या. “चाचा, आता तुम्ही आराम करा. चुकून कुणाचा फोन आलाच तर माझा नंबर सांगा,” जीवन त्यांना सांगायला गेला.

“बरोबर आहे. चूक दुरुस्त झालीच पाहिजे,” शौकतचाचा म्हणाले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रजिस्टर त्यांनी दोन्ही हातांनी जीवनला दिलं. दारापर्यंत मात्र आले नाहीत.

फोन आता मखमलाबादला वाजू लागला. जीवनला कुणालाही नाही म्हणता येईना. एकाच सकाळच्या कार्यक्रमाचा त्याने दोन गावांना शब्द दिला आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. अशात एका दुपारी अगदी दबका आवाज आला.

“भाऊ, मी सकीना बोलते. हे नमाजला गेलेत तेवढ्यात सांगते. तुमचा नंबर परत चुकवता का?”

“काय झालं चाची?”

“जेवायला हाक मारली तर मला विचारतात, माणसं किती? भाजीवाल्याला टाइमटेबल लावून दिलं, त्याने गल्लीत येणंच सोडलं. परवा फोनसमोर नुसते बसले होते दोन तास. माझ्याच्याने बघवत नाही हो.”

त्या संध्याकाळी जीवन आणि छाया परातीत पाणी घेऊन बसले आणि एकेक चिठ्ठी भिजवून काढली. दुसऱ्या दिवशी जीवन रजिस्टर घेऊन नाशिकरोडला गेला. “चाचा, मला जमत नाय हे,” तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. शौकतचाचांनी रजिस्टर उघडलं, जीवनने लिहिलेलं पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. “हा एक आहे की नऊ?” असं म्हणत त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

चैत्र उजाडला. एका सकाळी शौकतचाचांचाच फोन आला.

“जीवनराव, मनमाडवाले आले होते. वीस तारखेला कार्यक्रम मागत होते. मी नाही म्हणून सांगितलं.”

“काय?” जीवन ओरडलाच. “चाचा, मनमाड! तुमचं गाव! तिथं कार्यक्रम व्हावा म्हणून तुम्हीच तर...”

“माझं गाव आहे, म्हणून नाही म्हणताना जीव तुटला. पण इलाज नाही. ती तारीख भरलेली आहे.”

“कुणी भरली? मला कसं माहीत नाय?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“वीस एप्रिल. लग्नाचा वाढदिवस. माणसं दोन. कार्यक्रम गाण्याचा नाही. सोमेश्वरला नदीकाठी जाणे, भेळ खाणे, अंधार पडायच्या आत घरी येणे. बाईंनी पंधरा दिवसांपूर्वी रीतसर फोन केला होता. म्हणाल्या, घरात विचारलं तर तारीख मिळत नाही.”

“कोण बाई?”

“छाया म्हणून आहेत. मखमलाबादच्या.”

जीवनने वळून ओट्याकडे बघितलं. छाया मान खाली घालून जुड्या बांधत होती, पण तिचे खांदे हलत होते.

“कन्फर्म आहे ना, चाचा?” त्याने हळूच विचारलं.

“कन्फर्म,” शौकतचाचा म्हणाले. “आणि वेळेवर निघा.”