काढ्याच्या मोहिमेत जीभ कामी आली

तथागतांस वंदन करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे, गुहागर तालुक्याचे मुलखी, माडा-पोफळींचे सावलीस वसलेल्या आमच्या बौद्धवाडीत काढ्याची जी थोर मोहीम जाहली, तिचा वृत्तांत पुढील पिढ्यांस ठाऊक असावा. मोहिमेचे सेनापती राजमान्य राजश्री महेंद्रराव, तालुक्याच्या कचेरीतील कारकून, वाडीच्या मंडळाचे कायमचे प्रास्ताविककार. आणि प्रस्तुत बखरकारही तेच. त्याकारणे स्तुतीत कसूर होणार नाही. पराभव लिहिताना मात्र हात आखडेल, तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रसंग बुद्धपौर्णिमेचा. सायंकाळी विहारापुढे दरबार भरावयाचा, आधी महेंद्ररावांचे प्रास्ताविक आणि मग त्यांच्या पत्नी दर्शनाबाई यांचे गायन, ऐसा शिरस्ता. दर्शनाबाई गाण्यात बहुत मातबर. परंतु गतसाली महेंद्ररावांनी प्रास्ताविकात विश्वाच्या उत्पत्तीपासून आरंभ केला आणि ते वाडीच्या नळयोजनेपावेतो येईतो कर्ण्याच्या परवानगीची वेळ सरली, आणि बाईंस गाण्याचे निव्वळ ध्रुवपद म्हणोन खाली उतरावे लागले. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत, आणि महेंद्ररावांनी समजूत करून घेतली की बाईंस प्रास्ताविक आवडले. यंदा बाईंनी स्वतः गीत रचिले, तांदूळ रोवळताना घोकले, भांडी घासताना घोकले, आणि ऐन पौर्णिमेचे सकाळी गळ्याने दगा दिला. घसा ऐसा बसला की शब्द म्हणोन बाहेर पडेना. बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या.

हे पाहोन महेंद्ररावांस कळवळा आला. मग त्यांनी गंजिफ्राक लेंग्यात खोचिला आणि फर्माविले की, बाईंनी अंथरुणातून हलू नये, काढ्याची मोहीम खासा स्वारी करील. मुदपाकखाना हा मुलूख त्यांस लग्नापासून परका, तेथे त्यांची ये-जा पाण्याच्या हंड्यापुरती. दर्शनाबाईंनी आतल्या खोलीतून मोबाइलवर खलिता धाडला की, आले ठेचावे, कुंपणाचा अडुळसा आणावा, परसातील गवती चहा आणावा, लवंग, दालचिनी, चिमूटभर मिरी घालावी आणि उकळोन निम्मे आटवावे. महेंद्रराव परसात चालोन गेले आणि गवती चहा उपटू लागले, तो पात्यांनी बोट कापिले. पहिले रक्त तेथे सांडले. रुमाल बांधोन स्वारी माघारी आली.

पुढे मिरीचा शोध. डब्यांवर नावे नाहीत, कारण दर्शनाबाई वासावरून डबा ओळखितात. महेंद्ररावांनी एकेक झाकण उघडले आणि एका डब्यात काळसर, गोल, तोंडे उकललेले दाणे सापडले, मिरीहून थोराड. त्यांनी निवाडा केला की ही मिरीच, परंतु मोठ्या घराण्यातली. आणि चिमूट हे भित्र्यांचे माप ऐसे मानोन मूठ भरली आणि बियांसकट खलबत्त्यात कुटोन पातेल्यात लोटली. काढा उकळला, आटला, गाळला. मग विचार केला की बाईंस देण्याआधी सेनापतीने चव पाहावी हा क्षात्रधर्म, आणि पेलाभर एका दमात प्राशन केले.

प्रथम ओठ बधिर होवोन पडले. मग जिभेचे टोक पडले, आणि पाहता पाहता तमाम जीभ हातची गेली. महेंद्ररावांस वाटले, औषध लागू पडते आहे.

इतक्यात शेजारच्या चंपाकाकू पदर खोचोन दारात हजर. वाडीभर बांगड्याच्या कालवणाचा वास सुटला होता, आणि पौर्णिमेस वाडीत मासळी शिजत नाही. काकूंनी दारातूनच जाब पुसला, “महेंद्रा, पुनवेचं बांगडं कोणी शिजवलंन रे?” महेंद्रराव खुलासा करू गेले, तो तोंडातून नुसती वाफ निघाली. काकूंनी चोथा बोटांत धरोन हुंगला आणि कपाळास हात लाविला.

“अरे, ही मिरी नाय, तिरफळां हायत. बांगड्यात घालतात ती, ती पन बी काढून.”

हे ऐकोन दर्शनाबाई उठोन आल्या. नवऱ्याचा लोंबता ओठ पाहिला आणि भिंतीस टेकोन ऐशा हसल्या की डोळ्यांस धारा लागल्या, आणि आवाज मात्र काडीचा नाही. एकास गळा नाही, एकास जीभ नाही. संसारात इतका सलोखा कधी नांदला नव्हता.

मग चंपाकाकूंची कुमक पोचली. त्यांनी पातेले घासले, खरी मिरी चिमटीने घातली, वर गुळाचा खडा, आणि दर्शनाबाईंस ऊन ऊन घोट पाजीत बसल्या. दिवस कलतेवेळी बाईंचा गळा खरखरत का होईना पण उघडला. जीभ मात्र फितूर ती फितूरच.

सायंकाळी दरबार भरला. मंडळाचे अध्यक्ष काशीरामअप्पा यांनी प्रास्ताविकास पाचारण करताच लोकांनी सवयीने मांड्या बदलल्या. महेंद्रराव कागदांचे भेंडोळे घेवोन ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले, तोंड उघडले, मिटले, हात जोडिले आणि खाली उतरले. तेव्हां जो टाळ्यांचा कडकडाट जाहला, तैसा त्यांच्या उभ्या कारकीर्दीत जाहला नव्हता. बायका उठोन टाळ्या पिटीत होत्या. महेंद्ररावांस तो मान वाटावा की अपमान, हे जिभेस पुसावे तो जीभ जाग्यावर नाही.

मग दर्शनाबाई उभ्या राहिल्या. अवघे गीत गाइल्या, एकही कडवे न गाळता. आवाज जाडावला होता आणि त्यातच गोडी होती. आपल्या पत्नीचे गाणे शेवटपावेतो महेंद्ररावांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकिले. छाती भरोन आली, आणि गतसाली आपण काय गिळंकृत केले ते कळोन मानही खाली गेली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गळा सुटला, गीत पुरे जाहले, आमच्या पक्षाची फक्त जीभ कामी आली. घरी परतताना दर्शनाबाईंनी चालता चालता फर्मान सोडिले ते येथे अक्षरशः नोंदिले आहे.

“पुढच्या सालचा काढापन तुमीच करा. मुठीनंच घाला.”

हुकूम शिरसावंद्य. लेखनसीमा.