फोरमनच्या घरचं कॉकटेल

“त्यात काय एवढं? संध्याकाळी माझ्या घरी या, सगळं तयार ठेवतो!”

चौऱ्याऐंशी साली, सातपूरच्या एका कारखान्यात, नव्याकोऱ्या मशीनपुढे, सगळ्या शिफ्टच्या देखत फोरमन गोरक्ष आहेर हे बोलून बसला!

मशीन बसवायला स्वित्झर्लंडहून हाल्टरसाहेब आले होते. ते मशीन त्या दिवशी एकदाचं सुरळीत चाललं, म्हणून त्यांनी खुशीत फेसाळ वाइनच्या दोन बाटल्या काढल्या. आमच्याकडे ही नुसती पीत नाहीत, असं ते म्हणाले. तळाशी साखरेचा खडा, त्यावर कडू वनस्पतींच्या अर्काचे दोन-चार थेंब, मग वाइन, आणि वर एखादं ताजं हिरवं पान. झालं कॉकटेल!

“ते नाशकात कुठलं मिळायला?” मॅनेजर गायधनीसाहेब हसले. “नुसतीच पिऊ.”

‘नाशकात कुठलं’ हे गोरक्षला असं झोंबलं, की तोंडातून थेट आमंत्रणच बाहेर पडलं.

घरी बायकोने, सिंधुबाईने, कंबरेवर हात ठेवले. “घरात दारू?”

“दारू नाही गं! द्राक्षाचा रस. जरा फेस येतो इतकंच.”

“फेस कपड्याच्या साबणालाही येतो. आणि तुमच्या साहेबापुढे ठेवायला काय आहे आपल्याकडे?”

गोरक्ष चिडला की त्याच्या तोंडी सटाण्याची बोली यायची. “काय कमी शे आपल्याकडे?”

यावर मात्र सिंधुबाईने पदर खोचला. माहेर-सासर दोन्ही बागलाणातलं, माघार घेणं तिलाही ठाऊक नव्हतं. “चारचौघांत बोललात ना? मग आता होऊनच जाऊ दे!”

साखरेचे चौकोनी खडे दुकानात नव्हते, म्हणून खडीसाखर आली. कडू अर्क? मुलांच्या तापासाठी केलेला काडेचिराइताचा काढा बाटलीत होताच! त्याच्यापेक्षा कडू काही नाशिक जिल्ह्यात सापडलं नसतं. राहिलं हिरवं पान. गोरक्ष मोठ्या दिमाखात गॅलरीतल्या पुदिन्याच्या डब्याकडे गेला, तर डब्यात नुसत्या काड्या!

“शेजारच्या सरुबाईंनी सकाळी चटणीला नेला,” सिंधुबाई म्हणाली. “ओव्याची पानं आहेत.”

“हिरवी आहेत ना? चालतील!”

साहेबमंडळी आली. बाटल्या स्कूटरच्या डिकीत, सातपूरच्या खड्ड्यांतून हिंदकळत आल्या होत्या. गोरक्षने बूच जरा सैल केलं मात्र, सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला! बूच पंख्याच्या पात्यावर आपटून शेजारच्या गॅलरीत गेलं आणि पलीकडून सरुबाई ओरडल्या, “अहो, दगड कोण मारतंय?”

काचेचे ग्लास घरात नव्हते. सिंधुबाईने आत तयार करून ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यांत वाइन पडली, खडीसाखरेवर उसळली आणि फेस थेट गायधनीसाहेबांच्या सफारीवर गेला!

“असंच उसळायला पाहिजे,” गोरक्षने ठणकावून सांगितलं. “ताजेपणाची खूण आहे!”

पहिला घोट घेताच गायधनीसाहेबांचा चेहरा धुऊन पिळलेल्या फडक्यासारखा झाला. बाटलीच नासकी असणार, पण पाहुण्यांनी आणलेली, बोलायचं कसं? हाल्टरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा इथला मंगल विधी असणार, नको म्हटलं तर यजमानाचा अपमान! त्यांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. ओव्याचं जाड, लवदार पानसुद्धा चावून गिळलं.

गोरक्षने घोट घेतला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. पण कबूल कोण करणार?

“फर्स्ट क्लास!” तो म्हणाला. “साहेब, आणखी एक!”

“पुरे, आहेर!” गायधनीसाहेब दबक्या आवाजात गुरगुरले.

“पाहुणे आवडीनं पितायत आणि आपण पुरे म्हणायचं? शोभतं का?”

आतून तयार होऊन आलेला दुसरा पेलाही भरला. आता तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत हौतात्म्य पत्करल्यासारखे पीत होते! इतक्यात सिंधुबाई भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली.

“कडू कमी नाही ना पडलं? मी आपलं प्रत्येकात चमचा चमचाच घातलंय.”

“चमचा?” गोरक्ष किंचाळला. “थेंब सांगितले होते!”

“थेंबानं ताप उतरतो का कधी?”

“ताप? कसला ताप?” गायधनीसाहेब ताडकन उठले. काय प्यालो ते कळल्यावर त्यांनी हाल्टरसाहेबांना इंग्रजीत समजावलं. गोरक्षला आपली फोरमनकी बुडबुड्यांबरोबर फुटताना दिसली.

आणि हाल्टरसाहेब हसू लागले! पोट धरून, भिंतीला टेकून, डोळे पुसत हसले. मग म्हणाले, तो कडू अर्क त्यांच्या वडिलांना आवडायचा. त्यांना स्वतःला लहानपणापासून त्याचा तिटकारा होता. मशीनपुढे बोलायला बरं वाटलं म्हणून बोलून गेले होते!

उरलेली बाटली नुसतीच संपली, भज्यांसोबत.

दुसऱ्या दिवशी बातमी गोरक्षच्या आधी गेटवर पोहोचली होती. “फोरमन, ताप उतरला का?” टर्नर लहानूने विचारलं, आणि सगळी लाइन खदखदली.

गोरक्षने छाती पुढे काढली. “तुम्हाला काय कळणार त्यातलं! कृती बरोबर होती. पान तेवढं चुकलं. पुदिना असता ना, तर साहेबांनी तिसरा पेला मागितला असता!”

एवढं बोलून तो ताठ मानेनं मशीनमागे गेला, आणि कोणी बघत नाहीसं पाहून गुळाचा आणखी एक खडा तोंडात टाकला. सकाळपासूनचा कितवा, ते त्यालाच ठाऊक!