गहिनीनाथचा सांभाळणारा

"एकटा राहणार? मग तुला बघणार कोण?" व्हीलचेअरवरच्या गहिनीनाथला भिंगारमधल्या प्रत्येक घरमालकाने हेच विचारून दार लावून घेतले होते. अहो, आंघोळ, स्वयंपाक, मोबाईल दुरुस्तीचे दुकान, सगळे तो एकटाच रेटत होता! पण पटवणार कुणाला? त्यात रविवारी जुनी खोली सोडायची होती. उरली होती फक्त राहीबाईंच्या घरातली एक खोली. म्हातारीचे गुडघे धरलेले, म्हणून घराला पायरी नाही, उंबरा नाही, गॅससुद्धा बुटक्या टेबलावर. अशी खोली सबंध नगरात शोधून सापडायची नाही. ती हातची जाऊ नये म्हणून बिचाऱ्याने कोल्हारहून आतेभाऊ अंगदला बोलावून घेतले, घडीभराचा सांभाळणारा म्हणून.

"तू नुसतं व्हय म्हण. जास्त बोलू नको," गहिनीनाथने त्याला बजावले होते. पण गप्प बसेल तो अंगद कसला!

"आजी, मी ह्याचं समदं करतो. न्हाऊ घालतो, जेवू घालतो, घास भरवतो..."

गहिनीनाथने दातओठ खाल्ले.

"लई गुणाचं पोरगं हाय," राहीबाई खूश झाल्या. "मग टाक बरं चहा. बघू कसा करतोस."

अंगदने जन्मात चहा फक्त प्यायला होता. गहिनीनाथने घाईघाईने खुर्ची पुढे घेतली.

"मी टाकतो की, आजी!"

"तू कशाला? मग ह्यो कशाला हाय?"

व्हायचे तेच झाले. दूध उतू गेले, अंगदने तापलेले पातेले उघड्या हाताने धरले, बोंबलत मागे उडी मारली आणि सांडलेल्या दुधावरून घसरून फरशीवर आपटला. "मेलो! आई गं, पाय मोडला माझा!"

गहिनीनाथने चाके मारत जाऊन गॅस बंद केला. अंगदचा हात पाण्याच्या बादलीत बुडवला, पाय चाचपून पाहिला, काठीला फडके लावून फरशी पुसली आणि उरल्यासुरल्या दुधाचा चहा केला. हे सगळे करताना त्याला रडू कोसळायचेच बाकी होते. गेली खोली! आता रविवारी जायचे कुठे?

राहीबाईंनी चहाचा घोट घेतला. कण्हणाऱ्या अंगदकडे एकदा नीट पाहिले.

"खोली देते तुला, पोरा. पन एक सांगते, राग मानू नको."

"बोला ना, आजी."

"ह्याला संगं आनायचं न्हाई. ह्याचं करता करता दमून जाशील तू. एकटा ऱ्हानार असशील, तरच ये."

गहिनीनाथने चेहरा जमेल तितका पाडला.

"बघतो, आजी. कसंतरी जमवतो."