तार कुठंच तुटली न्हाय

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. लिहिणं मला माहीत आहे ते प्रश्नपत्रिकेत विचारतात तेवढंच. तरीही माझ्याहून चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मोठ्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, म्हणून आधीच माफी मागतो. माफीचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

साळुंखे काका रोज सकाळी सात वाजता टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलतात, डोळे मिटून थोडा वेळ ऐकतात आणि खाली ठेवताना म्हणतात, "लाइन जिवंत." फोन कुणालाच करत नाहीत. नुसता तो 'डूंऽऽ' आवाज ऐकतात. मग फडक्याने फोन पुसतात, पुसताना काहीतरी पुटपुटतात आणि चहा ठेवतात. राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा पूजा करतोय.

काका साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेत टेलिफोनच्या तारा टाकायचं काम केलं, नंतर इथे चंडीगडच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. आता सेक्टर चव्वेचाळीसमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. लग्न केलं नाही. मागची खोली त्यांनी मला दिली. मी हिंगोली जिल्ह्यातला, इथे विद्यापीठात शिकायला आलेला. खोली देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "एकोणपन्नासच्या पुढं काय?"

"पन्नास," मी म्हणालो.

"ऱ्हा मग. हितली आपली मराठी पोरं उनचास म्हणत्यात."

गल्लीत त्यांना 'तारवाले अंकल' म्हणतात. रस्त्यात कुठे लोंबती तार दिसली की काका थांबतात, मान वर करून ती कुठून कुठे गेली ते बघतात आणि मगच पुढे जातात. भाजी आणायला म्हणून निघालेला माणूस असा दीड तासाने परत येतो, कधी कधी भाजीशिवाय.

भाडं नावापुरतंच होतं. इंटरनेटचं बिल मात्र निम्मं निम्मं. फोन आणि इंटरनेट एकाच जुन्या तांब्याच्या तारेतून यायचे, आणि ती तार माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलपेक्षा हळू आणि महाग होती. मला शिष्यवृत्ती मिळते, पण ती कधी मिळेल ते सांगता येत नाही. मी हिशेब करून काकांना दाखवला. मोबाइलचं इंटरनेट घेतलं तर दोघांचं मिळून निम्म्याहून कमी पैशांत भागत होतं.

"हवेतलं?" काका म्हणाले.

"सगळं जग तेच वापरतंय, काका."

"वापरू दे. जगाला कुणाच्या फोनची वाट बघायची न्हाय."

मी ते हसण्यावारी नेलं.

एकदा मोबाइलच्या नेटवरून तास ऐकायचा म्हणून मी गच्चीवर फोन उंच धरून उभा होतो. खालून आवाज आला, "हात वर करून कुणाला शरण गेलायस रं?" थोड्या वेळाने सर पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजले. काकांनी वर येऊन बघितलं. "मास्तर गोठलं वाटतं. शाल दे त्यास्नी."

शेवटी मी इंटरनेटचा बिनतारी डब्बा विकणाऱ्या एका मुलालाच घरी बोलावलं. त्याने टाय लावला होता. काकांनी डब्बा हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवला.

"इसकी तार कहाँ है?"

"अंकल जी, वायरलेस है. तार का झंझट ही खतम."

"और खराब हुआ तो मैं कहाँ से कहाँ तक चल के देखूँ?"

मुलाला प्रश्न कळला नाही. काकांनी त्याला बसवून चहा पाजला आणि समजावलं, की तार तुटली तर एका टोकाला सुरुवात करायची आणि चालत राहायचं, जिथे तुटली असेल तिथे माणूस पोचतोच. डोंगरात बर्फात ते असेच चालत जायचे. "हवा में किधर चलेगा, पुत्तर?" मुलगा डब्बा घेऊन गेला. मला त्याचं वाईट वाटलं आणि काकांचा रागही आला. महिन्याचं बिल मात्र दोन्हींपैकी एकानेही कमी होणार नव्हतं.

आता माफीचं दुसरं कारण.

काकांकडे मोबाइल नाही. फोनच्या कंपनीने मागितला तेव्हा त्यांच्या खात्यावर माझाच नंबर टाकला होता. डिसेंबरात माझ्या फोनवर संदेश आला. तांब्याच्या तारा बंद होत आहेत, काचेच्या, म्हणजे फायबरच्या, तारेवर जायचं असेल तर संमती कळवा, नाहीतर जोडणी आणि नंबर बंद होईल. असे तीन संदेश आले. तिन्ही मी वाचले आणि गप्प बसलो. मनात म्हणालो, आपोआप बंद झाली तर काकांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही, आणि पैसे त्यांचेही वाचतील. 'त्यांचेही' हा शब्द मी स्वतःच्या समाधानासाठी घातला होता.

जानेवारीतल्या एका सकाळी काकांनी रिसीव्हर उचलला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ कानाला धरून ठेवला. मग स्वेटर घातला, कानटोपी घातली आणि धुक्यात बाहेर पडले. घरापासून खांब, खांबापासून पुढचा खांब, असे ते कंपनीच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. दुपारी घरी पोचले तेव्हा त्यांच्या मिशीवर दव होतं.

"तार कुठंच तुटली न्हाय," ते म्हणाले. "मग आवाज कुठं गेला?"

मी सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि फोनकडे बघत हळूच म्हणाले, "दत्तूला ह्योच एक नंबर पाठ हाय."

दत्तू त्यांचा धाकटा भाऊ. जन्मापासून भोळा, बोलणं तोडकं. आई गेल्यावर काकांनी त्याला गावाहून इथे आणलं. महिनाभर रोज संध्याकाळी समोर बसवून घरचा नंबर पाढ्यासारखा म्हणायला लावला, आकड्यांच्या जोड्या करून, चालीवर. हरवलास तर हे म्हणायचं, कुणीतरी फोन लावेल. चौदा वर्षांपूर्वी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर काका तिकिटाच्या रांगेत लागले. वळून बघितलं तर बाकावर दत्तू नव्हता. पोलीस झाले, पत्रकं झाली, दर रविवारी बसस्टँडची फेरी अजून चालू आहे. नोकरी संपल्यावर ते गावी गेले नाहीत, कारण हा नंबर गावी नेता येत नव्हता. रोज सकाळी फोन पुसताना ते पुटपुटत होते, तो दत्तूचा पाढा होता.

पुढचे नऊ दिवस मी वर्गात गेलो नाही. कंपनीच्या कचेरीत एका खिडकीवरून दुसरीवर गेलो, अर्ज लिहिले, एका बाईंना हात जोडले. जुना नंबर अजून कुणाला दिला नव्हता. दहाव्या दिवशी काचेची तार आली आणि तिच्यावर तोच नंबर लागला. काकांनी तार बोटांत धरून बघितली. "काच तर काच. तार हाय ना." मग फोन उचलला. "लाइन जिवंत." मी तोंड फिरवलं.

त्यानंतरच्या रविवारी काका बसस्टँडवर जायला बूट घालत असताना फोन वाजला. या घरात तो वाजलेला मी प्रथमच ऐकला. काकांनी उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नमस्कार. हा नंबर लागेल असं वाटलं नव्हतं," एक बाई मराठीत म्हणाली. ती इथल्याच रुग्णालयात डॉक्टर होती, नाशिककडची. शहराला लागून असलेल्या मुल्लानपूरजवळ निराधारांच्या एका आश्रमात तपासणीला गेली होती. तिथे स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पंजाबी बायका एका चालीवर काहीतरी म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं, तो एखादा मंत्र आहे. हिला ऐकू आलं ते मराठीतलं एकोणपन्नास आणि त्र्याण्णव; आकडे जोडले तर इथलाच फोन नंबर झाला. सगळा नंबर मी इथे लिहीत नाही, तो अजून चालू आहे.

"त्या हे कुणाकडून शिकल्या म्हणून मी विचारलं," ती म्हणाली. "एक बाबाजी होते म्हणाल्या. कुठून कुठून फिरत पाच वर्षांपूर्वी तिथे आले होते. दिवसभर हेच म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. मला माफ करा, तुम्ही त्यांचे कोण?"

काकांच्या एका पायात बूट होता. त्यांनी विचारलं, "बाई, त्या बाया म्हणत्यात ते... सगळं बरोबर म्हणत्यात?"

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर फोन लागला. एकही आकडा चुकलेला नाही."