बिनफोडणीचं रसम

आमच्या शेजारच्या अंबुजाक्का नव्या छत्रीला आधी न्हाणीघरात नेऊन आंघोळ घालतात. गळली नाही, तरच ती छत्री दाराबाहेर पडते. अक्का तंजावरकडच्या मराठी, सगळी नोकरी चेन्नईतल्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. "विश्वास नको ग, परीक्षा हवी!" हे त्यांचं पालुपद. मी नाशिकची. इथे चेन्नईत, वेलचेरीला राहायला आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या कुकरची शिट्टी तपासली होती.

तर झालं असं. माझ्या मुक्ताचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, तोंडावर आला आणि तारीख नेमकी पाळीच्या दुसऱ्या दिवशी पडली. पोशाख पिवळ्या रेशमाचा. पोरीने जाहीर केलं, "डाग पडला तर मी मेले. मी नाचणारच नाही." इतकी वर्षं घाम गाळला आणि आता हे!  मी घाईघाईने तीन कंपन्यांच्या पिरियड पँट्या, म्हणजे पॅडशिवाय घालायच्या, रक्त शोषणाऱ्या चड्ड्या, मागवल्या. अक्कांना सुगावा लागलाच.

"जाहिरातीत निळं पाणी ओततात. निळं कोणाला येतं ग? आणि इतकं पातळ? अय्यो!"

दाटपणाला पाण्यापेक्षा जवळचं म्हणून अक्कांनी घरून रसम आणलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर खाली वर्तमानपत्र, त्यावर पँटी, तिच्यावर चमचा चमचा रसम आणि वरून वरवंटा. "बसल्यावर भार पडतो की!" नवरा पेरुंगुडीच्या ऑफिसातून आला, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, "मी बाहेर जेवून येतो."

तिन्ही नापास! रसम मुरेचना, कडेने ओघळून पेपरवर आलं. मुक्ताने भोकाड पसरलं. मला मात्र कापडावर चकचकीत थेंब दिसले.

"अक्का, फोडणी कशाची?"

"तुपाची. आणखी कशाची असते?"

"अहो, तूप लागल्यावर कापड पाणी पिईल का?"

विज्ञानाच्या बाईंनी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी धुवून वाळवलेल्या पँट्यांवर बिनफोडणीचं रसम पडलं. जाड अस्तराची काळी तेवढी पास झाली, खालचा पेपर कोरडा ठणठणीत.

मग माप. त्याच काळीची तिन्ही मापं मागवली. जीन्स एमची म्हणून मुक्ता एमवर अडून बसली. अक्कांनी टेप काढली आणि कंबर सोडून सीट मोजली. "नाचणारीने उभ्याउभ्या माप घेऊ नये. घालून ये आणि अरमंडीत बस!" मुक्ता फ्रॉक घालून, गुडघे बाहेर वळवून अर्धी बसली. एम मांडीला काचली. एक्सेलला कडेला फट राहिली. "काचली तर लक्ष तिकडे, फट राहिली तर गळती." एल ठरली.

आणि मुक्ता अशी नाचली म्हणता! डाग नाही की काही नाही. मी आनंदाने वळले, तर अक्कांचा पदर डोळ्यांना.

"माझंही ठरलं होतं ग," परतीच्या टॅक्सीत त्या म्हणाल्या. "तंजावरला, घराशेजारच्या देवळात. सकाळीच पाळी आली. आईने मागच्या पडवीत बसवलं. माझी घुंगरं दुसऱ्या पोरीच्या पायांत बांधली. ती नाचत होती आणि मी ऐकत बसले. पुन्हा कोणी विचारलंच नाही."

  मुक्ताने पायांतली घुंगरं सोडली आणि गुपचूप अक्कांच्या मांडीवर ठेवली.

अक्कांनी आधी एक कानाशी नेऊन हलवून पाहिलं. "आवाज बरा आहे," म्हणाल्या. मग वेलचेरी येईपर्यंत त्यांनी ती हातातून सोडली नाहीत.