गावंडे भाऊंची फाटकी चित्रं

गावंडे भाऊ कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून चित्र बघतात. ही अतिशयोक्ती नाही. माझ्या पडद्याच्या मधोमध जो तेलकट डाग असतो, तो त्यांच्या नाकाचा. आधी नाक लावायचं, मग चित्रावरची नजर न हलवता उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचं, वाटेत पाण्याच्या माठाला धडकायचं आणि तिथून निकाल द्यायचा, "म्याडम, फाटलं!"

फाटलं म्हणजे चित्र फाटलं. रेषेची कड जराशी दातेरी झाली की भाऊंच्या लेखी ते चित्र मेलं.

आमचं यवतमाळातलं छोटंसं प्रशिक्षण केंद्र. कपाशीवर फवारणी करताना माणसांना विषबाधा झाली, दवाखाने भरले, काही जण घरी परत आलेच नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सुरक्षित फवारणीचा, मोबाइलवर बघता येईल असा कोर्स करायचं काम आमच्याकडे आलं होतं. चित्रं आणि स्लाइडा भाऊंच्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये घालून धडे तयार करणं माझ्याकडे. यंदाची फवारणी सुरू व्हायच्या आत कोर्स लोकांच्या हातात पडायला हवा होता. साहेब रोज मला विचारत आणि मी रोज भाऊंकडे बोट दाखवी.

अडचण खोटी नव्हती. स्लाइडमध्ये झकास दिसणारं चित्र सॉफ्टवेअरमध्ये नेलं की मळकट व्हायचं. मास्कची दोरी आणि माणसाचा कान एक होऊन जायचे. मी म्हणायची, "भाऊ, समजतंय ना? मग चालतंय की."

"चालते काहून म्हणता? मास्क कानाले बांधायचा का डोक्याले, हे कसं समजंन? अन् हा पंपाचा नोझल पहा. मले तर भेंडी दिसून राह्यली!"

हा रोग ऑफिसपुरता असता तरी मी सोसला असता. दत्त चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक बघून भाऊ भर रहदारीत थांबले आणि "साहेबाच्या मिशा फाटल्या!" असं ओरडले. कार्यकर्ते धावून आले. मी मागे स्कूटरवर होते, मीच माफी मागितली. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पोरगा फाटला आहे." बापाने पोराचा सदरा मागून-पुढून तपासला. फाटला होता तो मंडपाच्या दारावरचा पोराचा फोटो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे दादा.

दादा म्हणजे भाऊंचे थोरले बंधू. मुकुटबनला शेती. त्यांनाही आदल्या वर्षी फवारणीचं औषध बाधलं होतं आणि उपचारासाठी ते भाऊंच्याच घरी राहत होते. भाऊ तयार झालेला धडा मोबाइलमध्ये घालून घरी न्यायचे. सकाळी चप्पल काढायच्या आत निरोप, "दादा म्हणते, धूसर आहे."

साहेबांनी पास केलेला धडा दादा नापास करायचे! तज्ज्ञांनी मान डोलावली, मुंबईच्या मुख्य ऑफिसातून होकार आला, तरी दादांना धूसरच. मी चित्र मोठं करून घातलं, धूसर. पडद्याची मापं जुळवली, धूसर. एकदा मी वैतागून म्हणालेच, "भाऊ, तुमच्या दादांनाच नोकरीवर घेऊ या, म्हणजे मी घरी बसते." भाऊ हसले नाहीत. "आजच्या दिवस अजून पाहा ना," एवढंच म्हणाले.

शेवटी मी हट्टालाच पेटले. अख्खी स्लाइड उचलणं बंद केलं. एकेक चित्र वेगळं काढून ठिपक्यांच्या ऐवजी रेषांच्या फाइलमध्ये जतन केलं, म्हणजे कितीही ताणा, रेष ती रेषच. मोबाइलवर उघडलं, बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. नोझलमधून सुटलेला एक थेंब अख्ख्या पडद्यावर आला, तरी त्याची कड लख्ख!

भाऊंनी नाक लावलं. मागे गेले. माठाला धडकले. निकाल मात्र आला नाही. तिथेच स्टुलावर बसले.

"आता त्याले काय सांगू?"

"कोणाला?"

"दादाले. औषध बाधलं तवापासून त्याले सारं धूसर दिसते, म्याडम. डॉक्टर म्हणते, आता एवढंच. मी त्याले सांगतलं नाही. तो धूसर म्हणते, मी म्हणतो, दादा, चित्रच फाटलं आहे, तुह्या डोयाले काही नाही झालं. उद्या सुधरवून आणतो." मग घुटमळत म्हणाले, "साफ चित्राले फाटलं म्हणनं मले जमत नाही. एक कॉपी फाटकी राहू देता का? दादापुरती?"

इतके दिवस या माणसाने माझा जीव खाल्ला होता. मी खुर्ची पुढे ओढली. लख्ख कोर्स मी साहेबांकडे पाठवला. मग दादांसाठी एक धडा घेतला आणि मन लावून बिघडवला. इतका, की चांगल्या डोळ्यांनाही त्यात धड काही ओळखू येऊ नये.

दुसऱ्या दिवशी भाऊ उशिरा आले. निरोप दिला नाही, म्हणून मीच विचारलं, "काय म्हणाले दादा?"

भाऊंनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर ती फाटकी कॉपी तशीच उघडी होती.

"लय वेळ पाहत बसला," भाऊ म्हणाले. "मंग माह्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणे, पुंडलिक, आज एकदम साफ दिसते. आता पुरे कर बाबू, किती जीव काढतं."