डेंटिस्टच्या कड्यावर नोरीनचा अबोला

मर्ल जेप्सनचं ठाम मत होतं की ज्याला डेंटिस्टवरून जीप उतरवता येत नाही, त्याने घरासमोरचं गवत कापायच्या यंत्रालाही हात लावू नये. शुक्रवारी संध्याकाळी मोआब गावातल्या मोटेलमागे ग्रिलवरचे बर्गर उलटता उलटता त्याने हे मत सगळ्या जीप क्लबसमोर जाहीर केलं.

डेंटिस्ट म्हणजे लाल खडकातला एक दुपायरी कडा. त्यावरून उतरताना आजवर गाड्यांचे बंपर, आरसे, दिवे आणि एकदा एका बाईची कवळी निखळून पडली होती. नाव तेव्हापासूनच पडलं. क्लबची वसंतातली सहल दर वर्षी त्याच कड्यावरून जायची आणि दर वर्षी पुढची जीप म्हाताऱ्या ओरिनची असायची. या वर्षी ओरिनचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पुढारीपण मर्लकडे आलं. एरवी त्याचं रिचफिल्डला गाद्यांचं दुकान. गाद्या विकणाऱ्याला लोक कोणत्याही बाबतीत पुढे होऊ देत नाहीत, त्यामुळे ही संधी त्याच्या डोक्यात चांगलीच गेली होती.

"पण तिथे समोर उभं राहून खुणा कोण करतं?" ग्लेनिसने विचारलं. ग्लेनिस शाळेतून निवृत्त झालेली, विधवा. तिची गाडी मर्लच्या मते बाजारातून दूध आणायच्या लायकीची होती.

"नोरीन करते," मर्ल बायकोकडे मान हलवून म्हणाला.

"म्हणजे खरं तर नोरीनच तुला उतरवते."

लोक हसले. इथे मर्लनेही हसून बर्गरकडे बघायला हवं होतं. पण तो चिमटा हवेत धरून म्हणाला, "हे बघ ग्लेनिस, गाडी मी उतरवतो. नोरीन समोर उभी राहून हात हलवते. तिच्या जागी झुडपाला एखादं फडकं बांधलं तरी मी उतरेन."

लोक आणखी मोठ्याने हसले. नोरीनही हसली. खरं तर तिथेच मर्लला शंका यायला हवी होती, कारण एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या विनोदाला ती कधी हसली नव्हती.

सकाळी मर्ल जीप पुसून तयार झाला, तर नोरीन ग्लेनिसच्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं घेऊन बसलेली.

"नोरीन, तिकडे काय करतेस?"

नोरीनने त्याच्याकडे न बघता जावयाकडे बघितलं. "ट्रेंट, त्याला सांग, मी या गाडीतून येतेय."

ट्रेंट दोघांच्या मधोमध उभा होता. विम्याच्या कंपनीत नोकरी, स्वभावाने गरीब, सासरच्या सहलीला पहिल्यांदाच आलेला. "डॅड, त्या म्हणतात की त्या..."

"ऐकलं मी. का म्हणून?"

"मॉम, ते विचारतात की..."

"त्याला म्हणावं, फडक्याला मान वळवून मागे बघता येत नाही. तोंड तर नसतंच."

मर्लने दार आपटलं. "ठीक आहे. ट्रेंट, तू माझ्या जीपमध्ये बस. खुणा तू करायच्या. फार काही नसतं त्यात."

रांग निघाली. पुढे मर्लची जीप, मागे एकामागून एक बाकीच्या, शेपटाला ग्लेनिसची. सकाळच्या उन्हात खडक तापायला लागला होता आणि टायरचं रबर त्यावर असं चिकटून चाललं होतं की भिंतीसारखे चढही जीप गुरगुरत चढून जायची. रेडिओवर मर्लचा आवाज अखंड चालू होता. "खडकावरच्या पांढऱ्या खुणा सोडू नका. इथे डावं चाक उंचावर ठेवा. ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच सांगा, पुढे डेंटिस्टला दुसरी वाट नाही."

शेपटाच्या गाडीतून यावर काहीच उत्तर आलं नाही.

कड्यापाशी आल्यावर मर्ल उतरला आणि त्याने खाली डोकावलं. दर वर्षी तो फक्त नोरीनकडे बघायचा, कड्याकडे बघायचं काम त्याला कधी पडलंच नव्हतं. आज तो कडा त्याला दुप्पट वाटला. पहिली पायरी त्याच्या कमरेएवढी. तिच्याखाली अरुंद कट्टा, कट्ट्याच्या डाव्या अंगाला एक खोल खड्डा आणि उजव्या अंगाला सरळ खाली गेलेली घळ. घळीच्या तळाशी कुणाचा तरी आरसा चमकत होता.

"ट्रेंट, खाली जा. समोर उभा राहा आणि चाक कुठे वळवायचं ते हाताने दाखव. बस."

ट्रेंट बसून, घसरत, पँट मागून लाल करून कट्ट्यावर पोचला. मर्लने सीटचा पट्टा बांधला, सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि जीपचं नाक कड्याबाहेर काढलं. काचेत आधी फक्त आकाश दिसलं. मग नाक झुकलं आणि फक्त बॉनेट दिसलं. बॉनेटच्या वर ट्रेंटचं डोकं आणि दोन हात, आणि त्या दोन हातांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"कुठे?" मर्ल ओरडला.

"डॅड, तुम्हाला योग्य वाटत असेल तर जरा डावीकडे."

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

ट्रेंट विचारात पडला. त्याने आधी स्वतःचा एक हात बघितला, मग दुसरा. "तुमच्या. म्हणजे, मी वळून उभा राहिलो तर माझ्या."

मर्लने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. जीप पायरीवरून उतरली, नाक एकदम खाली गेलं, आणि पुढचं डावं चाक थेट त्या खड्ड्यात जाऊन बसलं. पोटाखालून एक लांबलचक करकर ऐकू आली. मर्लने आरशात बघितलं. मागचं उजवं चाक हवेत होतं आणि निवांत फिरत होतं.

"सॉरी डॅड," ट्रेंट म्हणाला. "दुसऱ्या डावीकडे."

जीप कड्याच्या धारेवर पोट टेकून डोलत होती. मर्लने श्वास घेतला तरी ती थोडी पुढे झुकायची, सोडला की थोडी मागे. त्याने हँडब्रेक ओढला. तो सैल झालाय आणि दुरुस्त करायचाय हे त्याला दोन सहलींपासून माहीत होतं. दांडा विनातक्रार वर आला, म्हणजे त्याला खाली काहीच धरून नव्हतं. एक चाक हवेत असताना नुसत्या गिअरवर भरवसा ठेवायची मर्लची छाती नव्हती. थोडक्यात, जीप, मर्ल आणि गाद्यांचं दुकान या सगळ्याचा भार आता त्याच्या उजव्या पायावर होता, आणि तो पाय ब्रेकवर होता.

वर लोक जमले. प्रत्येकाकडे सल्ला होता.

"पुढे घे मर्ल, धक्का देऊन."

"पुढे घेऊ नकोस, नाकावर उभा राहशील. मागे घे."

"मागे कसा घेईल? चाक हवेत आहे."

"मर्ल, जरा इकडे बघ. छान, आला फोटो."

"विंचने ओढा की."

यावर सगळ्यांनी मर्लच्या जीपकडे बघितलं. क्लबमधली एकुलती एक धड विंच, म्हणजे तारेने गाडी ओढायचं यंत्र, मर्लच्याच जीपच्या नाकावर होती. तिचा आकडा त्या क्षणी आकाशाशिवाय कशालाही अडकवता आला नसता. शेवटी मागच्या जीपवाल्या ड्वेनने एक जाड पट्टा आणून मर्लच्या मागच्या बंपरला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या जीपला.

"धरलाय तुला," तो ओरडला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "पण मर्ल, माझ्या चाकांखाली वाळू आहे. जोराचा हिसका बसला तर मीही येईन. तेव्हा जे करशील ते सावकाश."

मर्लची पोटरी थरथरायला लागली. आधी थोडी, मग शिवणयंत्रासारखी. त्याने डावा पायही ब्रेकवर ठेवायचा विचार केला, पण नुसत्या विचारानेच जीप पुढे झुकली. मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. उजव्या खिडकीतून घळीतला तो आरसा दिसत होता. तो कुणाचा, त्याचं पुढे काय झालं, हे प्रश्न आता मर्लला फार जवळचे वाटायला लागले.

त्याने रेडिओ उचलला. "ग्लेनिस. नोरीनला पुढे पाठव."

खरखर झाली. मग ग्लेनिसचा वर्गातला आवाज. "ती सँडविचला मोहरी लावतेय."

"तिला सांग, मी अडकलोय."

"ती म्हणते, दिसतंय."

"तिला सांग, माझा पाय थरथरतोय."

"ती विचारते, कोणता?"

"ब्रेकवरचा, ग्लेनिस. ब्रेकवरचा."

मग, "ती म्हणते, जवळपास झुडपं भरपूर आहेत. फडकं हवं असेल तर माझ्या गाडीत आहे."

सगळ्या गाड्यांत तोच चॅनल लागलेला होता. वर कड्यावर कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मर्लने याला चोख उत्तर दिलं असतं, आणि मागाहून नोरीनला ते दोनदा ऐकवलंही असतं. पण तेवढ्यात पोटरीत वात आला. पाय पेडलवरून केसभर सरकला. जीप पुढे कलंडली, पट्टा ताणला गेला, आणि वर ड्वेनची चाकं वाळूवर खर्रकन सरकल्याचा आवाज आला. खाली ट्रेंटने डोळे मिटले. वर कुणी हसलं नाही.

मर्लने पाय पुन्हा दाबला. जीप थांबली. त्याने बटण दाबलं, आणि मग तोंडातून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"नोरीन, मला भीती वाटतेय."

त्याने बटण सोडलं नाही.

"मला दर वर्षी वाटते," तो म्हणाला. "मी खाली बघतच नाही. फक्त तुझ्याकडे बघतो. ये ना."

मर्ल बॉनेटकडे बघत राहिला. पाय आता स्वतःचा वाटतच नव्हता, दुसऱ्या कुणाचा तरी, आणि तो दुसरा माणूस फारसा विश्वासू नव्हता. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. मग बॉनेटच्या वर नोरीनची गवती टोपी दिसली. तिने ट्रेंटच्या खांद्याला धरून त्याला एका बाजूला उभं केलं, खुर्ची सरकवावी तसं. बोटाला लागलेली मोहरी जीन्सला पुसली. मर्लकडे बघितलं. आणि बोलली नाही.

तिने तळवा दाखवला. थांब. मग वाकून चाकाखाली बघितलं, चालत उजवीकडे गेली, घळीच्या काठावर उभी राहून पुन्हा बघितलं, परत आली. एक हात वर केला आणि बोट वाकवलं.

उजवीकडे. म्हणजे घळीकडे.

"नोरीन, तिकडे घळ आहे," मर्ल म्हणाला.

बोट तसंच वाकलेलं.

"मी तिकडून खड्ड्याबाहेर येणार कसा? तिकडे काहीच नाहीये."

नोरीनने हात खाली घेतला, दोन्ही हातांची घडी घातली आणि वाट बघत उभी राहिली. घाई तिला नव्हती. घाई ज्याला होती त्याच्या पायात वात आला होता.

मर्लने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. पूर्ण. त्याच्या हाताला, पोटाला, शरीराच्या प्रत्येक अवयवाला ते चुकीचं वाटत होतं. नोरीनने घडी सोडली आणि दोन बोटांनी हवेतून काहीतरी उचलल्यासारखं केलं. थोडासाच गॅस. त्याने ब्रेक सोडला. जीप झुकली, पट्टा पुन्हा करकरला, आणि तेवढ्यात पुढच्या चाकाने खड्ड्याची कड पकडली. जीप गुरगुरली, एक इंच वर आली, आणखी एक, आणि मग धाडकन सगळी चाकं कट्ट्यावर टेकली. घळ उजव्या टायरपासून वीतभर लांब होती. मर्लने तिकडे बघितलं नाही.

ड्वेनने वरून पट्टा सोडवला. नोरीन उलट्या पावलांनी मागे सरकत गेली, एका बोटाने ओढत, तळव्याने थांबवत, आणि दुसऱ्या पायरीवरून जीप अशी उतरली की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

खाली सपाटीवर मर्लने इंजिन बंद केलं आणि दार उघडून उतरला. पायांनी त्याला उभं करायला नकार दिला, म्हणून तो जीपच्या चाकाला टेकून खडकावरच बसला. नोरीन येऊन त्याच्या शेजारी बसली. तिने त्याची पोटरी मांडीवर घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायला सुरुवात केली.

मर्लला गहिवरून आलं. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. त्याने घसा साफ केला.

"नोरीन, तू नसतीस तर..."

तेवढ्यात डावीकडच्या मोठ्या खडकाआडून ग्लेनिसची दूध आणायच्या लायकीची गाडी बाहेर आली. ग्लेनिसचा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्यात अर्धं खाल्लेलं सँडविच. तिने हात हलवला आणि पुढे जाऊन सावलीत गाडी लावली. तिच्या मागून दुसरी जीप आली. मग तिसरी. मग सगळी रांगच शिस्तीत, धूळसुद्धा न उडवता बाहेर आली. शेवटी ड्वेन आला. त्याच्या गाडीत तर गाणी लागली होती.

मर्ल बघत राहिला. "हे कुठून आले?"

"मागून वाट आहे," नोरीन म्हणाली. सकाळपासून ती त्याच्याशी थेट बोलली ते हेच पहिलं. "त्या जुनिपरच्या झाडाला वळसा घालून. दर वर्षी मी तिथूनच तर चालत खाली येते, तुझ्यासमोर उभी राहायला. चांगली रुंद आहे."

"तुला माहीत होतं? मी रेडिओवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, दुसरी वाट नाही, तेव्हा?"

"हो."

"मग मी नाक कड्याबाहेर काढायच्या आधी सांगितलं का नाहीस?"

नोरीनने पोटरीची एक शीर शोधून तिच्यावर अंगठा रोवला. मर्ल कळवळला.

"मर्ल," ती म्हणाली, "मी तुझ्याशी बोलत नव्हते ना."